मिररमध्ये मोठी डिस्क लावली की रिबिल्ड दर वेळी त्याच टक्क्यावर थांबतो

लक्षण असे दिसते. सर्व्हरमध्ये २ टीबीच्या दोन डिस्क, त्यांवर लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड-१, म्हणजे साधा मिरर: दोन्ही डिस्कवर तीच माहिती. जागा संपत आली म्हणून एक डिस्क काढून तिथे ४ टीबीची लावली. रिबिल्ड सुरू झाला, काही तास सुरळीत चालला आणि ७५ टक्क्यांच्या आसपास बंद पडला. एमडीस्टॅट ही मिररची स्थिती दाखवणारी फाइल उघडून पाहावे तर नव्या डिस्कच्या नावापुढे कंसात 'एस', म्हणजे ती स्पेअर, राखीव, म्हणून नुसती बसून आहे. डिस्क काढून पुन्हा जोडली तरी पुन्हा तिथेच थांबते. मग दुकानात जाऊन डिस्क बदलून आणली जाते. तीही तिथेच थांबते.

गोव्यातल्या छोट्या कार्यालयांत हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता फोनवर "नवी डिस्क खराब निघाली" हे वाक्य ऐकले की पहिला प्रश्न विचारतो: थांबते ती जागा दर वेळी तीच आहे का? उत्तर 'हो' असेल तर नव्या डिस्कला हात लावू नका. दोष बहुधा मागे राहिलेल्या जुन्या डिस्कमध्ये आहे.

कारण सरळ आहे. मिररमधली एक डिस्क काढली की सगळी माहिती उरलेल्या एकाच डिस्कवर राहते. रिबिल्ड म्हणजे ती डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा वाचण्या-लिहिण्याचा सर्वात लहान तुकडा) शेवटच्यापर्यंत वाचून नवीवर लिहिणे. जुन्या डिस्कवर एखादा सेक्टर वाचता येत नसेल, तर तो दुसरीकडून आणायला जागाच नसते. अशा वेळी जुन्या पद्धतीचा अ‍ॅरे, म्हणजे जोडलेल्या डिस्कचा संच, रिबिल्ड सोडून देतो आणि नवी डिस्क स्पेअर होऊन बसते. अलीकडे बनवलेल्या अ‍ॅरेमध्ये खराब ब्लॉकची यादी ठेवायची सोय असते. तो असा सेक्टर यादीत टाकून पुढे जातो आणि रिबिल्ड पूर्ण झाल्याचे सांगतो. मला हा दुसरा प्रकार अधिक काळजीचा वाटतो, कारण सगळे हिरवे दिसते आणि एक फाइल मात्र दोन्हीकडे गेलेली असते. म्हणून रिबिल्ड पूर्ण झाला तरी एमडीएडीएमला, म्हणजे हा संच सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, 'एक्झॅमिन बॅडब्लॉक्स' सांगून प्रत्येक डिस्कची यादी रिकामी आहे ना, हे बघायचेच.

आता प्रश्न असा की इतकी वर्षे तो सेक्टर कोणाला कसा दिसला नाही? मिररमध्ये वाचन दोन्ही डिस्कमध्ये वाटले जाते, आणि जुन्या फाइली वर्षानुवर्षे कोणी उघडतच नाही. कोणी वाचले नाही तर खराबी कळत नाही. यासाठी डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास अ‍ॅरेची पूर्ण तपासणी आपोआप सुरू होते. आपल्याकडची अडचण इथेच आहे. म्हापसा, डिचोली, फोंडा, कुठेही जा, शनिवारी संध्याकाळी कार्यालय बंद करताना मेन स्विच खाली केला जातो. पावसाळ्यात तर विजांच्या भीतीने हमखास. म्हणजे रविवारी रात्री एक वाजता सर्व्हर बंदच असतो, आणि ती तपासणी कधी म्हणजे कधीच झालेली नसते. मिरर आहे या भरवशावर सगळे निर्धास्त असतात, आणि तो मिरर शेवटपर्यंत कोणी वाचून पाहिलेला नसतो.

म्हणून पहिली डिस्क काढण्याआधी, दोन्ही जुन्या डिस्क जागेवर असताना, अ‍ॅरेच्या 'सिंक अ‍ॅक्शन' फाइलमध्ये 'चेक' हा शब्द लिहून तपासणी हाताने चालवा. २ टीबीला चारपाच तास धरा. या तपासणीत एका डिस्कवरचा सेक्टर वाचता आला नाही, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो दुसरीवरून वाचतो आणि पहिलीवर परत लिहितो. लिहिताना डिस्क ती खराब जागा बाद करून राखीव जागेतला सेक्टर देते. म्हणजे दुखणे तिथल्या तिथे बरे होते. हे बरे होण्यासाठी दोन प्रती हव्यात, आणि एक डिस्क बाहेर काढताक्षणी ती सोय संपते.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे जुनी डिस्क काढायचीच नाही. मदरबोर्डवर डिस्क जोडायचा एखादा साटा पोर्ट रिकामा असतो. नवी डिस्क तिथे लावा, अ‍ॅरेला 'ग्रो' करून सदस्य दोनाचे तीन करा आणि नवी तिसरी म्हणून जोडा. रिबिल्डच्या वेळी दोन जुन्या प्रती हाताशी असतात. ती पूर्ण झाली की एक जुनी काढायची, तिच्या जागी दुसरी नवी लावायची, पुन्हा रिबिल्ड, मग शेवटची जुनी काढून सदस्यसंख्या परत दोनावर आणायची. वेळ तेवढाच लागतो आणि मध्ये एक क्षणही माहिती एकाच डिस्कवर राहत नाही. मात्र पोर्ट नाही म्हणून यूएसबी डॉक वापरू नका. काही डॉक मोठ्या डिस्कचा सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा दाखवतात. डॉकमध्ये बनवलेले पार्टिशन मग साटाला लावल्यावर दिसतच नाही.

एक डिस्क आधीच काढून झाली असेल आणि रिबिल्ड अडकला असेल तर?

काढलेली डिस्क कुठे आहे ते आधी शोधा आणि तिच्यावर काहीही लिहू नका. ती चांगली असेल तर बहुतेक वेळा सगळे वाचते. १०० जीबीहून मोठ्या अ‍ॅरेला एमडीएडीएम सहसा बिटमॅप, म्हणजे बदललेल्या ब्लॉकची नोंद, आपोआप देते. तो असेल तर सर्व्हर बंद करून अडकलेली नवी डिस्क काढा, जुनी परत लावा आणि 'री-अ‍ॅड' करा. मधल्या काळात बदललेले तेवढेच ब्लॉक तिच्यावर लिहिले जातात आणि काही मिनिटांत मिरर पूर्ण होतो. मग चेक चालवा, खराब सेक्टर बरा होईल, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

इथे एकच मोठा धोका आहे. री-अ‍ॅडला नकार आला तर रागाच्या भरात साधे 'अ‍ॅड' करू नका. अ‍ॅड केल्यावर ती डिस्क कोरी समजून पहिल्यापासून लिहिली जाते. तुमच्याकडे असलेली त्या सेक्टरची एकमेव चांगली प्रत त्यात पुसली जाईल.

म्हापशातल्या एका छापखान्यात नेमका हाच नकार आला होता. अ‍ॅरे जुना, बिटमॅप नाही. मालक म्हणाले, "अहो, एकच सेक्टर ना? पाचशे बारा बाइट. जाऊ दे गेला तर." पण तो सेक्टर कुठल्या फाइलचा, हे कळल्याशिवाय 'जाऊ दे' म्हणता येत नाही. ते शोधता येते, आणि पद्धत लिहून ठेवण्यासारखी आहे.

कर्नलच्या लॉगमध्ये वाचन फसल्याचा सेक्टर क्रमांक येतो. समजा तो २९३०२७९४३२ आहे. हा पूर्ण डिस्कवरचा क्रमांक. त्यातून पार्टिशन जिथे सुरू होते ते २०४८ वजा करायचे. मग अ‍ॅरेचा डेटा ऑफसेट, म्हणजे पार्टिशनमध्ये माहिती जिथून सुरू होते ते अंतर, वजा करायचा. तो एमडीएडीएमच्या 'एक्झॅमिन'मध्ये दिसतो, उदाहरणार्थ २६२१४४. उरतात २९३००१५२४०. फाइलसिस्टीम थेट अ‍ॅरेवर आणि तिचा ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल तर ८ ने भागायचे: ३६६२५१९०५. हा एक्स्ट-४ या फाइलसिस्टीममधला ब्लॉक. आता डीबगएफएस हे तिचे तपासणीचे साधन फक्त वाचण्यासाठी उघडून 'आयचेक'ला हा आकडा दिला की आयनोड, म्हणजे फाइलचा आतला क्रमांक, मिळतो, आणि 'एनचेक'ला तो आयनोड दिला की फाइलचा पूर्ण मार्ग. मध्ये एलव्हीएम, म्हणजे जागा वाटणारा आणखी एक थर, असेल तर त्याचाही ऑफसेट धरावा लागतो, हे विसरू नका.

त्या छापखान्यात निघाली एका जुन्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची टिफ फाइल. काढलेली डिस्क दुसऱ्या मशिनला लावून, अ‍ॅरे फक्त-वाचन अवस्थेत उभा करून, ती फाइल सहीसलामत मिळाली. मालकांनी पडद्यावर उघडून शंभर टक्के मोठी करून पाहिली आणि मग पुढे जायला हो म्हटले. हिशोबाच्या डेटाबेसमधला ब्लॉक निघाला असता तर प्रश्न वेगळा होता. त्याला रोजच्या डंपमधूनच, म्हणजे डेटाबेसने स्वतः काढून दिलेल्या प्रतीतूनच, उभे करावे लागले असते.

फाइल हाती आली की खराब सेक्टर असलेली जुनी डिस्क नवीवर उतरवायची ती डीडीरेस्क्यू या साधनाने, डीडी या साध्या प्रत करणाऱ्या आज्ञेने नव्हे. डीडीला 'चूक आली तरी पुढे जा' सांगून मोठा ब्लॉक दिला, तर एका सेक्टरपायी तो सगळा ब्लॉक शून्यांनी भरला जातो. डीडीरेस्क्यू सोपा भाग आधी उचलते, अवघड जागेवर नंतर परत येते आणि काय उरले त्याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवते. मध्येच लाइट गेली तरी त्या नोंदीवरून पुढे सुरू होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही सोय सोन्यासारखी आहे. मॅपफाइल मात्र तिसऱ्याच डिस्कवर ठेवा.

प्रत झाली की मूळ डिस्क लगेच बाहेर काढा. दोन्हींवर तोच यूयूआयडी, म्हणजे ओळखीचा क्रमांक, असतो. दोन्ही लावून सर्व्हर सुरू केलात तर कोणती उचलली जाईल याचा भरवसा नाही, आणि दिवसभराचे काम भलत्याच डिस्कवर जाऊ शकते. शिवाय जीपीटीची, म्हणजे पार्टिशनच्या नव्या पद्धतीच्या तक्त्याची, राखीव प्रत डिस्कच्या शेवटी असते. २ टीबीची नक्कल ४ टीबीवर केल्यावर ती मधोमध राहते. पार्टेड हे पार्टिशनचे साधन त्याबद्दल विचारते तेव्हा 'फिक्स' म्हणा, किंवा एसजीडिस्कने ती शेवटाला न्या.

काही वेळा थांबण्याची जागा दर वेळी वेगळी असते. तेव्हा वाट वेगळी धरायची. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये १९९ क्रमांकाचा आकडा, सीआरसी एररचा म्हणजे माहिती वाटेत बिघडल्याचा, वाढत असेल तर डिस्कला नव्हे, केबलला दोष द्या. वास्को, मिरामार, कळंगुट अशा समुद्राजवळच्या जागी साटाच्या कनेक्टरवर खारी हवा काम करत असते. केबल बदला, कनेक्टर घट्ट बसवा, आकडा तिथेच थांबतो का बघा. तो मागे कधी जात नाही, फक्त वाढायचा थांबतो. ५, १९७ आणि १९८ हे मात्र डिस्कच्या स्वतःच्या सेक्टरांचे आकडे. १९७ शून्य नसेल तर ती डिस्क रिबिल्डचा स्रोत म्हणून भरवशाची नाही.

दुसरे कारण पावसाळ्यात हटकून दिसते: मिरर नीट चाललेला असतो, लाइट जाऊन आली की आठवडाभरात एक डिस्क गळते. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न मिनिट-दोन मिनिटेसुद्धा करत राहतात. कर्नल मात्र ३० सेकंदच वाट बघतो. मग तो दुवा रीसेट करतो, आणि एवढ्याशा कारणाने चांगली डिस्क अ‍ॅरेबाहेर जाते. यावर उपाय म्हणून स्मार्टसीटीएलने 'एससीटी ईआरसी' ७० वर ठेवतात, म्हणजे ७ सेकंदांत डिस्कने हार मानायची. पण बहुतेक डिस्क वीज गेली की ही सेटिंग विसरतात! म्हणून एकदा हाताने केलेला उपाय पहिल्या गडगडाटापर्यंतच टिकतो. ती सेटिंग डिस्क दिसताच लागू होणाऱ्या यूडेव्हच्या नियमात किंवा बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घाला. डिस्क ईआरसी मानतच नसेल तर उलट करा: कर्नलची त्या डिस्कसाठीची मुदत १८० सेकंद करा. तीही दर बूटला.

रिबिल्ड थांबत नाही पण रांगतो आहे, सेकंदाला १५० एमबीवरून ८-१० वर आला आहे, असे असेल तर डिस्क एसएमआर आहे का ते मॉडेल क्रमांकावरून पाहा. या डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायला शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. नुसता सलग रिबिल्ड त्या कसाबसा पार पाडतात, पण त्याच वेळी कार्यालयाचे काम चालू असेल तर बसतात. झेडएफएस या फाइलसिस्टीमचा रिसिल्व्हर, म्हणजे तिचा रिबिल्ड, तर त्यांना झेपतच नाही. 'नॅससाठी' (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी) असे लिहिलेल्या काही डिस्कही एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते. तेव्हा खोक्यावरच्या लेबलवर जाऊ नका. खरेदीआधी कंपनीच्या तक्त्यात सीएमआर, म्हणजे पट्टे एकावर एक न चढवलेली, असे लिहिले आहे ना, हे बघा.

आता दोन्ही मोठ्या डिस्क बसल्या, मिरर पूर्ण झाला, आणि जागा अजून २ टीबीच दाखवते. हा बिघाड नाही. थर तीन आहेत आणि प्रत्येकाला वेगळे सांगावे लागते: आधी पार्टिशन, मग अ‍ॅरे, मग फाइलसिस्टीम. पार्टिशनचा तक्ता जुन्या डॉस पद्धतीचा असेल तर ५१२ बाइटच्या सेक्टरवर तो सुमारे २.२ टीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, तिथे जीपीटीच हवी. अ‍ॅरे 'ग्रो' करून साइझ 'मॅक्स' द्यायची. त्याआधी बिटमॅप काढून टाका आणि वाढ झाल्यावर परत घाला, कारण लहान अ‍ॅरेसाठी बनलेला बिटमॅप मोठ्याला अपुरा पडला तर अ‍ॅरेच धोक्यात येतो. शेवटी एक्स्ट-४ असेल तर रिसाइझ-टू-एफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. एक्सएफएस पुन्हा लहान करता येत नाही, हे ध्यानात ठेवून वाढवा. एवढे करून ४ टीबीची डिस्क ३.६ दाखवेल. ते बरोबरच आहे: कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या.

बूटचेही इथेच बघून घ्या. ग्रब, म्हणजे सर्व्हर सुरू करून देणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा एकाच डिस्कवर बसलेला असतो. मिरर दोन्हीकडे असूनही ती एक डिस्क काढल्यावर सर्व्हर काळ्या पडद्यावर उभा राहतो. ग्रब दोन्ही नव्या डिस्कवर घाला. जीपीटीवर जुन्या बायोसने बूट करायचे असेल तर १ एमबीचे बायोस-बूट पार्टिशन लागते. बूटची नवी यूईएफआय पद्धत असेल तर ईएफआय पार्टिशन सहसा मिररमध्ये नसते, त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर आपण करायची. आणि एकेक डिस्क काढून खरोखर बूट करून पाहा, चवथीच्या सुट्टीत, कार्यालय रिकामे असताना.

दुसऱ्या सर्व्हरवर सगळे हलवायचे असेल तर मी शक्यतो डिस्कची नक्कल करत नाही. नव्या सर्व्हरवर नवा मिरर बांधून आरसिंक या प्रत करणाऱ्या साधनाने फाइली नेतो. मालकी, हार्ड लिंक, एसीएल (परवानग्यांची यादी) आणि विस्तारित गुणधर्म जपायला सांगायचे, आणि युजरचे क्रमांक जसेच्या तसे ठेवायचे. पहिली फेरी काम चालू असताना, दुसरी कार्यालय बंद झाल्यावर. दुसरीत फक्त फरक जातो. स्रोताच्या मार्गाशेवटी तिरकी रेघ आहे की नाही यावर फोल्डर जाते की त्यातला माल जातो ते ठरते. आधी 'ड्राय रन' करून यादी वाचा, विशेषतः 'डिलीट' लावले असेल तर. चालू डेटाबेसच्या फाइली अशा उचलू नका. प्रत उघडेल, पण आतले व्यवहार अर्धे असतील. डंप घ्या आणि तिकडे भरा.

ही प्रत दोन दिवस चालेल असे दिसले तर डिस्कला दोष देण्याआधी नेटवर्क बघा. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबी मिळते, २ टीबी सुमारे पाच तासांत जाते. १०० मेगाबिटवर तेच पन्नास तास. नेटवर्कचा वेग दाखवणारे ईथटूल १०० दाखवत असेल आणि दोन्ही टोके गिगाबिटची असतील, तर बहुधा केबलमधली एखादी जोडी तुटली आहे किंवा पिना गंजल्या आहेत. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणून अशी केबल 'चालते', फक्त दहापट हळू.

दोन सर्व्हर सतत एकसारखे ठेवायचे असतील तर डीआरबीडी, म्हणजे नेटवर्कवरून चालणारा मिरर, आहे. ते २०१० पासून, २.६.३३ आवृत्तीपासून, लिनक्स कर्नलमध्येच येते. प्रोटोकॉल 'सी' मध्ये लेखन दोन्हीकडे पोचल्यावरच पूर्ण मानले जाते. एकाच खोलीतल्या दोन मशिनना ते उत्तम. म्हापसा ते मडगाव अशा दोन शाखांमध्ये मात्र दर लेखनाला पलीकडच्या होकाराची वाट बघावी लागते आणि सगळे कार्यालय संथ होते. तिथे रात्रीचा आरसिंक किंवा झेडएफएसचा सेंड पुरेसा आहे. आणि यातले काहीही फाइल चुकून पुसली गेल्यावर ती आपोआप परत देत नाही, पुसणेही तितक्याच इमानाने पलीकडे जाते. जुन्या आवृत्त्या ठेवणारा वेगळा बॅकअप हवाच.

काढलेल्या जुन्या डिस्कवर सिरियल क्रमांक, अ‍ॅरेचे नाव आणि काढल्याची तारीख मार्करने लिहा. मासिक चेकची वेळ बदलून, चेक संपेपर्यंत सर्व्हर चालू राहील अशी करा. नव्या मिररवर तो चेक एकदा पूर्ण होऊन मिसमॅच, म्हणजे दोन प्रतींतला फरक, शून्य आणि १९७ शून्य आले, बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून उघडली, की मगच जुन्या डिस्क पुसायला घ्या.